विहिरीच्या पंचवीस फेऱ्या

“नवस बोलताना आकडा सांगावा, मोघम बोलू नये,” आई बजावायची. तरी मी मोघमच बोलले: माझ्या लेकीनं, डर्वलानं युरोपच्या धावण्याच्या स्पर्धेत सोनं जिंकलं, तर ती मैदानाला घालेल तितक्या फेऱ्या मी आमच्या गावच्या गोबनेट संतिणीच्या पवित्र विहिरीला अनवाणी घालीन. तेव्हा लेक पंधराशे मीटर धावायची, पावणेचार फेऱ्या. परवा तिनं सोनं जिंकलं, पण दहा हजार मीटरचं. पंचवीस फेऱ्या! आज तिच्या स्वागताला गावात शेकोट्या पेटल्या. नवरा माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघून हसला, “बरं झालं, पोरगी मॅरेथॉन धावली नाही!” फादर म्हणाले, “चारच घाला, बाई. देव मोजत बसत नाही.” “मी मोजते, फादर.” “निम्म्या मी घालते, आई,” डर्वला म्हणाली. “तू तुझ्या घातल्यास की, राणी.” गाव तिला खांद्यावर घेऊन नाचू लागलं, तशी मी काठी टेकत हळूच विहिरीकडे निघाले.