काकूंनी राखलेली आवृत्ती

"बाळाच्या श्वासपट्ट्यावर नवी लिनक्स प्रणाली चढवलीस तरी जुनी आवृत्ती पुसू नकोस हं, केतकी," वरच्या मजल्यावरच्या टिपणीस काकूंनी बजावलं होतं. केतकीने नुसती मान डोलावली होती. काकूंना तर रिकामे डबेही टाकवत नसत.

आज दुपारी 'जागा संपली' अशी सूचना आली, तेव्हा तिने जुनं सगळं पुसून अपडेट चढवलं. मग तिच्या सात महिन्यांच्या निहारच्या छातीवरचा श्वासपट्टा सुरूच होईना. बॅटरीवरच्या राखीव पंपात फक्त दहा मिनिटांचा श्वास उरला होता.

केतकीची हाक ऐकून काकू अनवाणीच धावत खाली आल्या.

"काकू, मी जुनं पुसलं हो!"

"तू पुसणार हे ठाऊक होतं गं. म्हणून एक जुनी आवृत्ती मी पट्ट्यातच कुलूपबंद ठेवली होती." त्यांनी पट्ट्याचं बटण दाबून धरलं आणि पडद्यावर आलेल्या यादीतली शेवटची ओळ निवडली. पट्टा घुमला, निहारचं पोट संथ वरखाली होऊ लागलं. "आता रड निवांत. आणि पुढच्या वेळी आधी बॅकअप, मग अपडेट."

संध्याकाळी केतकी निहारला कडेवर घेऊन वर गेली. काकूंच्या कॅलेंडरवर अख्ख्या इमारतीची अपडेट्स पेन्सिलीने लिहिलेली होती, कुणाची कृत्रिम किडनी, कुणाचा कृत्रिम कान. काकूंच्या स्वतःच्या हृदययंत्राची नोंद मात्र कुठेच नव्हती.

"आणि तुमचं, काकू?"

"चालतंय की अजून!"

केतकीने निहारला त्यांच्या मांडीवर दिलं आणि आधी त्यांच्या हृदययंत्राचा बॅकअप घेतला.

तुमच्याही इमारतीत सगळ्यांची यंत्रं सांभाळणारं कुणीतरी असेल. त्यांचं स्वतःचं अपडेट कधी झालं, ते आजच जाऊन विचारा.