हिरवा दिवा

राजारामपुरीतल्या क्लासच्या सरांनी २०१९ साली मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या पट्ट्या आणल्या. पट्टी कपाळाला बांधायची. लक्ष लागलं की हिरवा दिवा, उडालं की लाल. क्लास सुटत आला की सगळ्या पोरांचे दिवे लाल व्हायचे. वल्लरीचा मात्र नेमका तेव्हाच हिरवागार, जरासुद्धा न लुकलुकता.

"शिका जरा हिच्याकडनं, गाढवांनो!" सर गरजले. "सांग गं वल्लरी, एवढं लक्ष कशावर असतंय तुझं?"



"जिन्यावर, सर. पप्पा न्यायला येत्यात न्हवं? चढताना त्यांचा पाय कसा वाजतोय त्यावरनं कळतंय, आज मला मारणार का मम्मीला."