समोरच्या रांगेतली खुर्ची

“मावशी, ही खुर्ची पाहुण्यायची आहे. मांगं जा ना तुमी,” शिपाई गोपालनं पुन्हा एकदा सांगितलं.

हंसाबाई हलल्या नाहीत. “माही पोरगी शिकवून राह्यली. मले तिचं तोंड दिसलं पाह्यजे,” एवढं बोलून त्यांनी आरशांचा घागरा सावरला आणि आणखी ऐसपैस बसल्या. शेजारी संस्थेचे अध्यक्ष मारोतराव होते. त्यांनी घसा खाकरून पाहिला, पण व्यर्थ. हंसाबाई एकदा बसल्या की बसल्या, हे अख्ख्या तांड्याला ठाऊक होतं. मारोतरावांना ते आज कळलं.

व्यासपीठावरून ममता राठोड हे सगळं पाहत होती. मारेगावच्या या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची एकच जागा होती. ती ममताला मिळणार की नाही, हे आजच्या पाठावर ठरायचं होतं. सभागृह खचाखच भरलेलं होतं.

“काचेतून वीज का वाहत नाही?” तिनं सुरुवात केली.

“काचेत इलेक्ट्रॉन नसतात!” मुलं एका सुरात ओरडली.

“असतात. ढिगानं असतात. पण त्यांच्या जागा गच्च भरलेल्या, या हॉलसारख्या. सरकायला वावच नाही. तांब्यात रिकाम्या जागा लागूनच असतात, म्हणून त्यातून वीज धावते. आणि सोलर पॅनेलच्या पाटीतलं सिलिकॉन या दोघांच्या मधलं. ऊन लागलं की त्यातला एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतो आणि मोकळा हिंडतो. मागं त्याची जागा रिकामी पडते. मग तीही चालायला लागते.”

रिकामी जागा चालते? मुलांचे चेहरे कोरे. मारोतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. घरून घोकून आणलेलं सगळं ममतानं तिथंच सोडून दिलं.

“समोरच्या रांगेतून कोणीतरी एकानं उठा, प्लीज.”

कोणी उठेना. एका पाहुण्याला अचानक मोबाइल आठवला, दुसऱ्याला छत. समोरची खुर्ची काय उठण्यासाठी मिळवायची असते? ममतानं आईकडे मात्र पाहिलं नाही. याडीला उठवायला निघालेले आधीच काय कमी होते? त्यात आपण भर घालायची, हे तिला जिवावर आलं.

हंसाबाई आपणहून उठल्या. हातभर बांगड्या वाजल्या. व्यासपीठाखालच्या मोकळ्या जागेत जाऊन त्या ताठ उभ्या राहिल्या.

ममता पुढं आली. “या झाल्या मोकळा इलेक्ट्रॉन. आता यांच्या मागं बसलेल्यानं यांच्या रिकाम्या खुर्चीवर यावं. मग त्याच्या मागच्यानं. मग त्याच्या.”

दुसऱ्या रांगेतला पोरगा भीत भीत मारोतरावांच्या शेजारी येऊन टेकला. हशा पिकला. त्याच्या जागी मागची मुलगी आली, तिच्या जागी आणखी कोणी. खुर्च्या कुरकुरत गेल्या आणि बघता बघता शेवटच्या रांगेत, दाराजवळ, एक खुर्ची मोकळी उरली.

“माणसं एकेक पाऊलच सरकली,” ममता म्हणाली. “आणि रिकामी जागा?”

“मॅडम, ते तं हॉल पार करून गेली!” मागून एक मुलगी ओरडली आणि टाळ्या सुरू झाल्या. मारोतरावसुद्धा टाळ्या वाजवत होते. लेकीचा पाठ सगळ्या हॉलला समजला, हे हंसाबाईंना दिसत होतं.

मारोतराव स्वतः उठले. आपली खुर्ची पुढं करत म्हणाले, “बाई, किती वेळ उभ्या राहाल? बसा आता.”

हंसाबाईंनी लेकीवरची नजर काढली नाही.

“नाई साहेब. मी बसली तं वीज बंद पडन.”