नववा परीक्षक

"छापू नये," असं नवव्या परीक्षकाने शेवटी लिहिलं होतं. ते वाचता वाचता हेमलताबाईंचा चहा गार झाला.

मार्च लागला होता. कासार आंबोलीच्या त्यांच्या बंगल्यातल्या पुढच्या खोलीतून 'गावआरोग्य' हे संशोधनाचं त्रैमासिक निघत असे. त्याचा वार्षिक अहवाल लिहायचा होता, आणि यंदा लिहिण्यासारखं खूप होतं. आधी आठ-आठ महिने पडून राहणारे पेपर आता सात आठवड्यांत निकाली निघत होते. परीक्षकांतली बड्या प्राध्यापकांची खोगीरभरती कमी करून निम्मे लोक खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत राबणारे घेतले होते. वर बाईंनी नियमच घातला होता: लेखक कोण हे परीक्षकाला कळता कामा नये, परीक्षक कोण हे लेखकाला, आणि दोघं कोण हे संपादकालाही. सगळी नावं एकनाथच्या कपाटात. एकनाथ म्हणजे कचेरीचा एकखांबी तंबू. टपाल, छपाई, मानपत्रं, सगळं तोच बघे. माझ्यापुढे नावांऐवजी नुसते आकडे ठेवायचे, असं बाईंनी त्याला बजावलं होतं.

त्या आकड्यांत नववा बाईंचा लाडका. भीड नाही, मुरवत नाही, दुधाचं दूध नि पाण्याचं पाणी. पुण्यात एखाद्या पेठेत राहणारे, जाड चष्म्याचे, फटकळ निवृत्त गृहस्थ असणार, असं बाईंनी मनाशी धरूनच टाकलं होतं. एप्रिलच्या सभेत त्यांना वर्षातले उत्तम परीक्षक म्हणून मानपत्र द्यायचंही ठरलं होतं.

आणि याच गृहस्थांनी अनुष्काच्या पेपरवर काट मारली होती.

पेपरवर नाव नव्हतं, पण बाईंना कळायचं थोडंच राहतंय? डॉ. अनुष्का देवकते त्यांची विद्यार्थिनी. सोलापूरकडून आलेली ही पोरगी दोन वर्षं या भागात गरोदर बायकांच्या घरी जाऊन रक्तदाब तपासत होती. दुसरं कोण करत होतं असलं काम? पैसे देणाऱ्या संस्थेची अट मात्र कडक होती. मार्चअखेर पेपर स्वीकारला गेला तर काम पुढे चालू, नाहीतर बंद. अनुष्काची नोकरीही त्याबरोबरच जाणार होती.

दोन परीक्षकांपैकी एकाने जरूर छापावा म्हटलं होतं. नवव्याने चार ओळी लिहिल्या होत्या. चौदा बायका दोनदा मोजल्या आहेत, एकदा सासरच्या गावी आणि एकदा बाळंतपणाला माहेरी गेल्यावर तिथल्या नावाने. चौदाही सुखरूप बाळंत झाल्या, त्यामुळे यश फुगलं आहे. त्या वगळल्या तर दाखवण्यासारखा फरक उरत नाही.

बाईंचा पारा चढला. पेपरात बायकांची नावं कुठे होती? नुसते क्रमांक. मग पुण्यात बसून याला चौदा दिसल्या कशा? शिवाय कधी एक दिवस उशीर न करणाऱ्या माणसाने यंदा पंधरा दिवस जास्त घेतले होते. खोट काढायलाच बसला होता मेला.

स्वयंपाकाच्या सगुणाबाई कप न्यायला आल्या तेव्हा बाईंनी सहज विचारलं, की एकीच बाईचं नाव दोन गावांत असं लागतं का हो?

"लागतं की. मी हितं सगुणा, माहेरी नांद्यात गोजरा. बाळंतपणाला गेलं की तितल्या वहीत जुनंच नाव सांगत्यात," सगुणाबाई म्हणाल्या. कप उचलता उचलता त्यांनी आणखी एक सांगितलं. "त्या डॉक्टरीणबाई तुमच्या, मागं पंधरा दिस नांद्यात वही घिऊन घरोघर हिंडत व्हत्या. लई वाळल्यात बगा."

बाईंचा जीव तुटला. काम बंद पडायची वेळ आली आणि पोरगी अजून उन्हातान्हात हिंडतेय. पण नवव्याचं म्हणणं खोटं नाही, हेही त्यांना कळून चुकलं.

दोन दिवसांनी अनुष्का स्कूटरवरून आली. पेपरचं नाव कोणीच काढलं नाही. पावसाळ्यापर्यंत रस्ता होईल का, सूसला भाडी किती वाढलीत, असल्या गप्पा झाल्या. शेवटी बाईंना राहवेना.

"संपादकाला परीक्षकाचं मत डावलता येतं बरं का," त्या म्हणाल्या.

अनुष्काने कप खाली ठेवला. "येतं. पण तुम्ही डावलू नका, मॅडम."

"चांगलं काम बुडत असलं तरी?"

"आकडे चुकले असतील तर ते चांगलं कसं?"

तिने चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली. बिचारीला काय ठाऊक, असं म्हणत बाई बराच वेळ फाटकाशी उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी पेपर नाकारल्याचं पत्र एकनाथला लिहायला सांगितलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

मार्चअखेर काम बंद झालं. अनुष्काने सूसच्या एका सोसायटीतल्या दवाखान्यात नोकरी धरली. अहवाल छापून झाला. त्यात नवव्या परीक्षकाचं कौतुक बाईंनी रागरागाने, पण प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

सभेच्या सकाळी एकनाथ मानपत्र सहीला घेऊन आला. त्याची मान खाली होती. तो म्हणाला, मॅडम, माझ्याकडून एक चूक झाली. जानेवारीत परीक्षकांना पेपर पाठवले, तेव्हा लेखकांची यादी ताडून बघायची राहून गेली.

असू दे रे, आता त्याचं काय, असं म्हणत बाईंनी पेन घेतलं. नाव एकनाथने सुरेख अक्षरात घातलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: डॉ. अनुष्का देवकते.