तिसरा चष्मा

"आ कर," बाबा म्हणाले. माझी दाढ नसेच्या जवळपर्यंत किडली होती. कीड खरवडून त्यांनी खड्डा औषधाने धुतला, आता उरलेले जंतू लेसरने मारायचे होते. दवाखान्यात बाबा दाराची कडीसुद्धा जंतुनाशकाने पुसायचे. "एक दिवस मलाही उकळून काढतील," मदतीला उभी राहणारी आई पेशंटना सांगायची. लेसर लावण्याआधी सगळ्यांनी चष्मे घालायचे, हा नियम. बाबांनी एक मला दिला, एक स्वतः घातला आणि तिसरा नेहमीसारखा न बघताच डावीकडे धरला. तो घ्यायला कुणीच नव्हतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यानंतर लेसर आज पहिल्यांदाच बाहेर निघाला होता. तोंडात कापूस होता, मी नुसती त्यांची बाही धरली. बाबांनी चष्मा दिव्याखाली नेला. दांडीत एक लांब केस अडकला होता. त्यांनी जंतुनाशकाचा बोळा उचलला, टाकून दिला आणि चष्मा न पुसताच खणात ठेवला.