पाठवण्याआधी

सकाळपासून अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलच्या ऑफिसात चार जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं होतं आणि चौघंही बॅगा उचलून घरी गेले होते. माझा व्हिसा या नोकरीवरच, ती गेली की साठ दिवसांत इथला गाशा गुंडाळायचा. अशात मॅनेजरनं कालच जॉइन झालेल्या ज्ञानदाला माझ्या शेजारी आणून बसवलं. कोडमधले बदल गिटमध्ये नोंदवून पुढे कसे पाठवायचे, ते हिला शिकव म्हणाला.

मलाही बोलावणं येईल म्हणून माझा एक डोळा फोनवर होता. ती काळ्या स्क्रीनवर एकेक कमांड जपून टाइप करत होती.

"फाइल कुठली बदललीस?"

"टीमच्या नावांची यादी. मॅनेजरनी मघाशी नवी पाठवली, मी न उघडताच जुनीच्या जागी टाकली. पाठवून देऊ का, सत्यजितदादा?"

"अगं, न बघता कधीच काही पाठवायचं नाही!" मी चिडलोच. "आधी 'गिट डिफ' टाइप कर. लाल ओळ म्हणजे काढून टाकलेलं, हिरवी म्हणजे नवीन आलेलं. दोन्ही मोठ्यानं वाच आणि मगच पुढे जा."

तिनं एंटर दाबला.

"अय्या, हिरव्या ओळीत माझं नाव!" ती खुशीत म्हणाली. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली आणि तिचा हात कीबोर्डवरून खाली आला.

 

"दादा, लाल ओळ तुम्हीच वाचा."