सहावं गाणं

"पुढची वाच," तो म्हणाला.

तिनं फोन डोळ्यांपासून जरा लांब धरला. "‘बारा वर्षं वाट पाहिली आणि हे काय कानात ओतलंत? गायकाचा घसा बसलाय, त्याला आता घरी बसवा. पण ड्रम! हातोडा अजून वाघ आहे.’"

हातोडा म्हणजे तिचा नवरा. चाहत्यांनी हे नाव ठेवलं तेव्हा बँडचं दुसरंच वर्ष होतं आणि त्याचे केस खांद्यापर्यंत होते. आता बँडला चाळीस वर्षं झाली होती, आणि नवा अल्बम येऊन तीन दिवस. सकाळच्या उन्हात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, तो डोळे मिटून बसला होता. समोरचा चहाचा कप तिनं अर्धाच भरला होता. पूर्ण भरला की सांडायचा. दीड वर्षापासून त्याचे हात थरथरत होते. फोनवर बोट टेकवायला जावं तर भलतंच काहीतरी उघडायचं. म्हणून त्याचा फोन वाचायची ती, आणि लिहायचीही तीच.

चाहत्यांत सरळ दोन तट पडले होते. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कुणाचे कान किटले होते. म्हाताऱ्यांनी आता नातवंडं सांभाळावीत असं एकानं लिहिलं, तर दुसऱ्यानं त्याची अक्कल काढली. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. दहापैकी नऊ गाण्यांत ड्रम कडक होता.

त्या नऊ गाण्यांत त्याचा एकही ठोका नव्हता.

हे तिनंच करायला लावलं होतं. रेकॉर्डिंग संपल्यावर ती त्याला न सांगता स्टुडिओत गेली. त्यानं वाजवलेलं ऐकलं आणि ती रेकॉर्डिस्टकडे वळली. "लोक त्यांना फाडून खातील. दुसऱ्या कुणाकडून तरी वाजवून घ्या. फक्त त्यांना कळू देऊ नका," ती म्हणाली. रेकॉर्डिस्टनं मान खाली घातली. गायक मात्र भडकला. बँडमध्ये त्याला भोंग्या म्हणत. तिच्या नवऱ्याचा तो शाळेपासूनचा जिवलग.

"वहिनी, हात थरथरतोय तर थरथरू दे. तो नसेल तर हा अल्बम आमचा नाहीच."

ती रडली. तिनं त्याला शपथ घातली. शेवटी तो नमला, पण एका अटीवर. सहाव्या गाण्याला कुणी हात लावायचा नाही. एक तरी गाणं त्याचं असू दे. भोंग्या बडबड्या होता, पण शब्दाचा पक्का. शपथ मोडून तो अवाक्षर काढणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"सहाव्याबद्दल काय म्हणतात?" नवऱ्यानं विचारलं.

"आवडलंय की."

"वाच ना मग."

तिनं मनानंच एक वाक्य जुळवलं. "‘सहावं गाणं ऐकून अंगावर काटा आला.’"

"अगं, खोटं बोलताना तुझा आवाज चढतो. आहे तेच वाच."

तिनं पुन्हा फोनकडे पाहिलं. "‘सहाव्यात हातोड्याला काय झालं? मढ्यानं वाजवल्यासारखं वाटतंय.’"

त्यानं डोळे उघडले. तो चिडला नव्हता.

"बरोबर ओळखलं त्यानं," तो म्हणाला. "त्या एकाच गाण्यात मी आहे."

"म्हणजे?"

"मोठ्या ड्रमवरचा माझा पाय केसभर मागे पडतो. पहिल्यापासून. भोंग्यानं चाळीस वर्षं त्यावरून माझं डोकं खाल्लं. बाकीच्या नऊ गाण्यांत तो पाय एकदाही मागे पडत नाही." त्यानं कप उचलायला घेतला. तो बशीवर खडखडला, तसा सोडून दिला. "तू हौसेनं वाचत होतीस. तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलो."

आता सांगायला हवं होतं. मीच सांगितलं त्यांना, एवढे तीन शब्द. ते तिच्या ओठांपर्यंत आलेही.

"हे भोंग्याचं काम," तो म्हणाला. "त्याला विचारल्याशिवाय रेकॉर्डिस्टची काय बिशाद? त्यानंच माझा केसानं गळा कापावा?" त्याचे डोळे भरून आले. "त्या सगळ्यांच्या लेखी मी मेलोय. एक तूच आहेस, जिला हे हात अजून कामाचे वाटतात. तू नसतीस तर काठ्या केव्हाच मोडून टाकल्या असत्या मी."

ओठांवरचे शब्द मागे गेले.

"लिही त्याला," तो म्हणाला. "‘तू मला मेलेला धरलंस. आजपासून तू मला मेलास. माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.’"

"अहो, इतकं तोडून नका ना बोलू."

"त्याची बाजू घेऊ नकोस. लिही."

तिनं भोंग्याचं नाव उघडलं. त्याचा सकाळचा निरोप वरच होता. तो तिनं नवऱ्याला वाचून दाखवला नव्हता. ‘मी फक्त सहावं लावून बसलोय रे. बाकीचं मला ऐकवत नाही.’

त्याखाली तिनं नवऱ्याची तिन्ही वाक्यं लिहिली.

"वाचून दाखव."

तिनं वाचून दाखवली. या वेळी एकही शब्द बदलला नाही.

"पाठव."

तिनं बटण दाबलं. तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही.